छाटणीच्या दिवशी गाड्या हलवा

एप्रिल संपत आला की आमच्या पार्ल्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन विषय ठरलेले असतात. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि झाडांची छाटणी. वॉटरप्रूफिंगवरून महिनाभर वाद चालतो. छाटणी मात्र तीन प्रश्नांत आटपते: वॉर्ड ऑफिसच्या उद्यान खात्यात अर्ज गेला का, परवानगी आली का, आणि कॉन्ट्रॅक्टरने किती सांगितले. परवानगीचं रास्तच आहे. शहरांतल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ पासून कायदा आहे. झाड आपल्या आवारात आहे म्हणून मनाला येईल तशी फांदी उतरवता येत नाही. पण या सगळ्या बोलण्यात झाडावर चढणारा माणूस कुठेच नसतो. छाटणीच्या दिवशी सकाळी तो टेम्पोतून उतरतो तेव्हाच पहिल्यांदा दिसतो.

माझी सगळी नोकरी बांधकामाच्या साइटवर गेली. त्यामुळे उंचीवर काम करणारा कुणी दिसला की नजर आधी त्याच्या कमरेकडे जाते, मग पायांकडे. कमिटीवर आले तेव्हा छाटणीचं खातं आपसूक माझ्याकडे आलं, का तर ‘मॅडम इंजिनिअर आहेत’. इंजिनिअरिंगचा आणि आमच्या गेटवरच्या पर्जन्यवृक्षाचा काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. पण संबंध आहे, आणि बराच आहे.

पहिली गोष्ट कपड्यांची. छाटणीला येणाऱ्या मंडळींचा वेश ठरलेला असतो: बर्म्युडा, बनियन नाहीतर विरलेला टी-शर्ट, पायात स्लिपर आणि गळ्यात गमछा. मे महिन्यातल्या मुंबईत दुसरं काही अंगावर ठेवावंसं वाटत नाही, हे मान्य. तरी गमछ्याबाबत मी ऐकून घेत नाही. चेनसॉची, म्हणजे यंत्रावर चालणाऱ्या करवतीची, साखळी सेकंदाला वीसेक मीटरने धावते. गमछ्याचं लोंबतं टोक तिच्यात गेलं तर बटण दाबायला बोट पोचायच्या आत मान पात्याजवळ गेलेली असते. घाम पुसायला तो लागतोच, मग डोक्याला घट्ट आवळून बांधावा किंवा खिशात ठेवावा. हातातलं कडं, मनगटावरचे सैल दोरे, इअरफोनची वायर, सगळ्याला हाच न्याय.

चेनसॉसाठी खास पँट मिळते. ती कशी काम करते ते कळलं की तिच्या किमतीचं आश्चर्य वाटत नाही. कापडाच्या आत लांब, चिवट धाग्यांचे थर असतात. साखळी मांडीला लागली की वरचं कापड फाटतं, धागे भसाभस बाहेर ओढले जातात, साखळी फिरवणाऱ्या चाकात गुंततात आणि साखळी जागीच अडकते. पँट जाते, मांडी राहते. साखळीच्या वेगाप्रमाणे या पँटचे वर्ग असतात: पहिला सेकंदाला २० मीटरचा, दुसरा २४ चा, तिसरा २८ चा. शिवाय एका प्रकारात थर फक्त पुढच्या बाजूला असतात आणि दुसऱ्यात पायाभोवती सगळीकडे. जमिनीवर उभं राहून ओंडके करणाऱ्याला पहिला प्रकार चालतो. झाडावर मात्र पाय कधी कुठल्या कोनात असेल याचा नेम नसतो, म्हणून चढणाऱ्याला सगळीकडून थर असलेलीच हवी. एकदा साखळी लागलेली पँट शिवून परत वापरायची नसते. एक मेख आहे. धागे गुंतून यंत्र थांबतं ही खात्री मुख्यतः पेट्रोलच्या करवतींपुरती असते. विजेवर चालणारी करवत पहिल्यापासूनच पूर्ण जोर लावते, ती त्याच भरवशावर थांबेल असं धरून चालू नये.

आता ही पँट बेतलेली थंड देशांतल्या माणसांसाठी. आपल्याकडे अकराच्या उन्हात ती घालून झाडावर बसलेला माणूस घेरी येऊन पडेल. म्हणून मी मुकादमाला वेळ बांधून देते: चेनसॉची कामं सकाळी सात ते दहा, त्या पँटमध्ये. त्यानंतर फक्त हातकरवत, साध्या जाड फुल पँटमध्ये आणि सुती पूर्ण बाह्यांच्या शर्टात. सकाळी सातला चेनसॉ सुरू झाला की ग्रुपवर तक्रारी येतात. येऊ देत. खाली मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी आणि ओआरएसची पाकिटं ठेवतो. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दर वेळी सगळ्यांना आग्रहाने चहा पाठवतात, तोही जातोच.

हेल्मेटबद्दल फार गैरसमज आहेत. कारखान्यातल्या हेल्मेटची युरोपातली चाचणी अशी असते: पाच किलोचं वजन एक मीटरवरून डोक्याच्या साच्यावर टाकायचं आणि मानेपर्यंत किती धक्का पोचला ते बघायचं. म्हणजे साधारण ५० ज्यूल ऊर्जा. आमच्या मागच्या बाजूचा माड पंधरा मीटर तरी आहे. सालासकट दीड किलोचा नारळ तिथून सुटला तर जमिनीशी येईतो त्याचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या आसपास जातो आणि ऊर्जा २२० ज्यूल होते. चाचणीच्या चौपटीहून जास्त. हेल्मेट वाळक्या काटक्यांसाठी, घसरलेल्या कोयत्याच्या मुठीसाठी, डोकं खोडावर आपटण्यासाठी आहे. नारळापासून वाचण्याचा उपाय एकच, माडाखाली उभं न राहणं. चढणाऱ्याच्या हेल्मेटला हनुवटीखालचा पट्टा हवा, तोही गिर्यारोहकांच्या हेल्मेटसारखा, हिसक्याने न सुटणारा. जमिनीवरच्या माणसाचा पट्टा मात्र जोराने ओढल्यावर सुटणारा असतो, कारण हेल्मेट कुठे अडकलं तर गळा आवळला जाऊ नये. त्यामुळे दोघांना एकच हेल्मेट चालत नाही. कानांवर मफ आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. चेनसॉचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो आणि भुसा नेमका डोळ्यात उडतो.

बेल्टविषयी जरा सविस्तर सांगते, कारण इथे साइटवर शिकलेली माणसंच जास्त फसतात.

“बेल्ट आहे ना मॅडम,” असं म्हणून मुकादमाने टेम्पोतून जो काढला तो बांधकामाच्या साइटवरचा पाठीला कडी असलेला बेल्ट होता. दोरी दोन मीटरची, तिला झटका शोषणारं पाकीट शिवलेलं. वस्तू चांगलीच होती. पण ती बेतलेली असते ती माणूस पडल्यावर त्याला अडवण्यासाठी. हिशेब करा. दोरी पायाच्या पातळीवर फांदीला बांधली असेल तर पाठीची कडी आधी बांधल्या जागेखाली दोरीच्या लांबीइतकी जाते, दोन मीटर. मग पाकीट उसवत जातं, पावणेदोन मीटरपर्यंत. त्याखाली कडीपासून तळव्यापर्यंत त्याचं स्वतःचं अंग, दीड मीटर. वर एक मीटर राखीव. म्हणजे बांधल्या जागेखाली सव्वासहा मीटर मोकळं हवं. आमच्या गुलमोहराची पहिली मोठी फांदी चार मीटरवर आहे. तिथून पडणारा माणूस बेल्टसकट जमिनीवर येणार आणि पाकीट तोवर धड उसवलेलंही नसणार. समजा उंची पुरली, तरी तो पाठीवरच्या कडीला लोंबकळणार, तोंड खाली, हात खोडापर्यंत न पोचणारे.

झाडावरच्या कामात सगळा विचार उलटा असतो. माणूस पडूच नये, कायम दोरावर तोललेला राहावा. त्यासाठीच्या बेल्टला मांड्यांचे रुंद पट्टे असतात आणि जोड पुढे, कमरेखाली असतो, त्यामुळे माणूस दोरावर बसल्यासारखा राहतो आणि दोन्ही हात मोकळे मिळतात. मुख्य दोर डोक्याच्या वर, मनगटाहून चांगल्याच जाड अशा जिवंत फांदीच्या बेचक्यातून घेतलेला आणि कायम ताणलेला हवा. ढील पडली की धोका सुरू झाला. याशिवाय कमरेला दुसरी छोटी दोरी खोडाभोवती, आणि चेनसॉ चालू असताना ती तारेच्या गाभ्याची. कापताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला असला पाहिजे, म्हणजे एक दोर चुकून कापला गेला तरी दुसरा उरतो. दोर सहसा ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा, कमी ताणला जाणारा. ट्रेकिंगवाल्या मुलांकडे असतो तो लवचीक दोर इथे नको. तो खडकावरची पडझड झेलायला चांगला, पण झाडावर माणूस त्यावर सतत वरखाली होत राहतो.

बेल्ट घालण्याआधी तपासायची रीत मी साइटवर प्रत्येक नव्या मुलाला दाखवायचे, इथेही दाखवली. पट्टा दोन हातांत धरून उलट्या यू आकारात वाकवायचा आणि बोटभर बोटभर पुढे सरकवत न्यायचा. वाकवला की तुटलेले धागे उभे राहतात. सपाट पट्ट्यात ते दिसत नाहीत. शिवण सहसा पट्ट्याहून वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची असते, ती मुद्दाम, म्हणजे कुठे उसवलं तर चटकन कळतं. रंग उडालेला, हाताला कडक लागणारा पट्टा उन्हाने गेलेला समजावा. पेट्रोल किंवा बॅटरीच्या ॲसिडचा डाग असेल तर चर्चा न करता बाजूला. मुकादमाच्या बेल्टवर मांडीच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला, घामाने पांढरट झालेल्या पट्टीत, सात-आठ धागे उभे राहिले. ज्या पोराचा तो बेल्ट होता त्याने ते नखाने खाली दाबून पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं, आणि बेल्ट गुपचूप टेम्पोत टाकला. त्या दिवशी तो वर गेला नाही, फांद्या ओढायला राहिला. मजुरी पूर्ण मिळेल हे मी मुकादमाकडून त्याच्यासमोरच वदवून घेतलं. नाहीतर पुढच्या वेळी कुणी पट्टा वाकवूनच बघणार नाही.

हत्यारांत माझा राग कोयत्यावर आहे, म्हणजे झाडावर नेलेल्या कोयत्यावर. जमिनीवर डहाळ्या सोलायला त्याच्यासारखं काही नाही. वर मात्र तो झोकावा लागतो, आणि ताणलेल्या दोराला धारदार पात्याचा नुसता स्पर्श पुरतो. शिवाय कोयत्याने फांदीच्या चिंधड्या होतात. त्याऐवजी वाकड्या पात्याची, ओढताना कापणारी हातकरवत आणि तिची म्यान पायाला बांधलेली असावी. मनगटाएवढी फांदी ती मिनिटात उतरवते. चेनसॉ न्यायचीच असेल तर ती जमिनीवर सुरू करून, ब्रेक लागतो का बघून, बंद करून वर पाठवायची. एका हाताने चेनसॉ चालवणं हा या धंद्यातला सर्वांत लाडका गुन्हा. वरच्या मुठीची छोटी करवत हातात आली की दुसरा हात फांदी धरायला जातोच. पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशाला लागला की करवत उसळून थेट चेहऱ्याकडे येते, आणि तेव्हा तिला अडवायला दुसरा हातच असावा लागतो. साखळी बोथट झाली की भुशाऐवजी पीठ पडायला लागतं. ते दिसलं की थांबून कानस मारायची. बोथट करवतीवर माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की तोल जातो.

आमच्याकडच्या झाडांत आणखी एक भानगड असते: खिळे. कुणी पाटी ठोकलेली, कुणी गणपतीतली दिव्यांची माळ गुंडाळून तशीच ठेवलेली, आणि सालीने ती वर्षानुवर्षं गिळत नेलेली. पात्याला खिळा लागला की साखळी तुटून उडू शकते. म्हणून आधी खोडावर हात फिरवून बघायचं. केबल आणि इंटरनेटच्या वायरींचं जाळं वेगळंच. त्यात वीज नसते असं गृहीत धरणाऱ्याला वर पाठवू नये. वीज कंपनीची किंवा रस्त्यावरच्या दिव्याची केबल फांदीजवळ असेल तर पुरवठा बंद झाल्याशिवाय काम नाही, आणि ॲल्युमिनियमची शिडी तर तिथे आणूच नये.

झाडांचे स्वभाव चढणाऱ्याला माहीत असतात, आपल्याला नसतात. कोकणात पोरांना आंब्यावर चढू देतात आणि जांभळावर चढलं की ओरडतात, ते उगीच नाही. जांभूळ आणि शेवगा न सांगता काडकन तुटतात. गुलमोहराची फांदी आतून पोकळ असली तरी वर हिरवीगार दिसते. पर्जन्यवृक्षाच्या फांद्या आडव्या लांब जातात आणि टोकाला सगळं वजन, त्यामुळे कापताना त्या बुंध्याकडून चिरत येतात. तिथे तीन काप लागतात: आधी बुंध्यापासून फूटभर अंतरावर खालून, फांदीच्या पाव जाडीपर्यंत; मग त्याच्या जरा पुढे वरून; फांदी पडली की उरलेला खुंट, बुंध्याशी जी फुगीर कड असते तिच्या बाहेरून. खालचा काप घेतला नाही तर फांदी पडताना सालीची पट्टी खोडावरून खालपर्यंत सोलत नेते आणि फांदीचा जाड भाग झोका घेऊन त्याच खोडाला बांधलेल्या माणसाच्या छातीवर येतो. ती फुगीर कड राखायला शिकवली अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी. त्यांनी हजारो झाडं चिरून दाखवलं, की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, झाड तिच्याभोवती आतून भिंती घालतं. म्हणून खुंटाला डांबर फासायची आपली हौसही फुकटच.

मुंग्या, मधमाश्या आणि कावळे यांचं थोडक्यात. पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या अंगावर चढल्या की माणूस दोन्ही हात सोडून अंग झाडतो. म्हणून आधी दुर्बिणीने नाहीतर मोबाइलच्या झूमने झाड न्याहाळायचं. आग्या मोहोळ दिसलं तर त्या झाडाचं काम त्या दिवशी रद्द. कावळ्यांची पिल्लं नेमकी याच दिवसांत असतात. घरट्याची फांदी आम्ही राहू देतो. दयाबुद्धी आहेच, शिवाय कावळे डोक्यावर झडप घालत असताना करवत धरता येत नाही.

नारळवाल्या मामांना यातलं काहीही सांगून उपयोग झाला नाही, आणि त्यांचं सगळंच चुकीचं आहे असंही मला म्हणता येत नाही. ते पायात दोराचा फास अडकवून अनवाणी चढतात. बूट घातले तर माडाच्या खाचा पायाला कळत नाहीत, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. मी त्यांना एवढंच पटवू शकले की शेंड्याला पोचल्यावर, हात सोडायच्या आधी, कमरेची दोरी खोडाभोवती घ्यायची. “तेवढं करतो. पण ते डोक्यावरचं घमेलं नको, बाय,” म्हणाले. हेल्मेटला त्यांनी दिलेलं हे नाव आमच्या वॉचमनने उचललंय.

एवढं सगळं सांगितल्यावर खरी अडचण सांगते. ती वर नसते, खाली असते.

आमच्या आवारात झाडांखाली गाड्या असतात. काच फुटेल या भीतीने मुकादम चढणाऱ्याला सांगतो, बारीक बारीक तुकडे कर, हाताने धरून दे, टाकू नको. एका कापाचे दहा काप होतात. प्रत्येक वेळी एका हातात फांदी आणि दुसऱ्यात करवत. गाडी हलली असती तर तीच फांदी दोराने बांधून, खोडाला दोन वेढे देऊन, खालच्या माणसाने सावकाश उतरवली असती. (तो दोर धरणाऱ्याने हाताला कधीही गुंडाळायचा नसतो; फांदी सुटली तर मनगट घेऊन जाते.) म्हणजे एकाच्या होंडाची काच वाचावी म्हणून दुसरा आठ मीटरवर एका हाताने चेनसॉ चालवतो. हा व्यवहार आपण करतो, त्याने केलेला नसतो. मुकादमाला दरडावून त्यातलं काही बदलत नाही.

शाळेची बस याच वेळी गेटशी येते. झाडाच्या घेराबाहेर, वर आणखी निम्मं अंतर सोडून, दोरी बांधून वॉचमनला उभं करावं लागतं, आणि ‘फक्त दूध आणायला चाललोय’ म्हणणाऱ्या काकांनाही थांबवावं लागतं. वरचा माणूस करवत चालू करण्याआधी खाली ओरडतो आणि खालून उत्तर आल्याशिवाय कापत नाही, एवढी एक सवय लागली तरी बरंच काही टळतं.

आणि माणूस वर बेशुद्ध झाला तर? बेल्टमध्ये निश्चल लोंबकळणाऱ्याचं रक्त पायांत साकळतं. काही मिनिटांतच ते जिवावर बेतू शकतं. १०१ ला फोन लावायचाच, १०८ लाही. पण आमच्या गल्लीत दुतर्फा पार्किंग असताना अग्निशमन दलाची शिडीची गाडी आत कधी येणार, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत उभं राहून ठरवावं. म्हणून खाली दुसरा चढणारा, त्याच्या अंगावर दुसरा बेल्ट आणि जवळ वेगळा दोर हवाच. या दुसऱ्या माणसाची मजुरी कोटेशनमध्ये दिसली की कमिटीत हमखास प्रश्न येतो: “हा नुसता उभा राहणार? मग पैसे कसले?” साइटवर फायर एक्स्टिंग्विशरच्या बिलावर हाच प्रश्न ऐकत माझे केस पांढरे झाले.

आता आमच्या वर्क ऑर्डरमध्ये या गोष्टी लिहिलेल्या असतात. बेल्टची तपासणी आमच्यासमोर. दुसरा चढणारा हजर, त्याची मजुरी वेगळी लावलेली. दहानंतर चेनसॉ बंद. पाऊस किंवा जोराचा वारा आला तर काम थांबेल आणि थांबल्याचे पैसे कापले जाणार नाहीत. शेवटचं कलम रहिवाशांसाठी आहे: आदल्या रात्री अकरापर्यंत झाडांखालच्या गाड्या बाहेर, न काढल्यास काम पुढे ढकललं जाईल आणि टेम्पोचं भाडं त्या गाडीमालकाच्या मेन्टेनन्समध्ये लागेल. जनरल बॉडीत यावरून जो गदारोळ झाला तो वॉटरप्रूफिंगच्याही वरताण होता. ठराव एका मताच्या फरकाने पास झाला.

परवा शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्या वर्क ऑर्डरची कॉपी मागितली. फारच छान ड्राफ्ट आहे म्हणाले, जसाच्या तसा घेतो, फक्त ते गाड्यांचं कलम तेवढं वगळून पाठवा.